पहिलं पान बापाचं

जूनचा दुसरा शनिवार. सकाळी सातलाच अडतीस डिग्री, आणि हवा इतकी दमट की गाडीबाहेर पाय टाकताच चष्मा आंधळा.

गेली बावीस वर्षं मी डायरीत रोज पाच ओळी लिहितो. त्या दिवसाला मात्र दोन पानं लागली. त्यावरूनच ओळखा, माती किती खाल्ली असेल!

आमची ॲन्सी कॅनडात शिकली. दोन वर्षांचा डिप्लोमा, मग तिथल्याच एका लहान गावात नोकरी. अशा गावात टिकून राहायची तयारी असेल, तर तो प्रांत कायमच्या वास्तव्यासाठी तुमचं नाव पुढे पाठवतो. फक्त महिनाअखेरीच्या आत इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल हवा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही विभागांत किमान सहा.

आता मला सांगा, जी पोरगी इंग्रजीत शिकून पास झाली, तिला इंग्रजी येतं का हे पुन्हा बघायचं? मला मोठं कुतूहल वाटलं. बसून सगळे नियम वाचून काढले.

ॲन्सी सुट्टीवर आमच्याकडे ओमानला, सीबला आली होती. म्हणाली, "पप्पा, टेस्ट इथेच बुक करते."

"तू आराम कर. फॉर्म भरावा तर मी!"

आणि भरला की! आमच्याकडे शाळा असो, दवाखाना असो, व्हिसा असो, पोरांच्या फॉर्मचं पहिलं पान बापाचं. बापाचं नाव, बापाचा पासपोर्ट, बापाची जन्मतारीख. इथे बाप स्पॉन्सर, पोरं त्याच्या व्हिसावरची डिपेंडंट, ती मागून येतात. हातच बसलेला. माझी माहिती भरली आणि मुलीच्या पानाची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. शेवटी 'संपर्कासाठी व्यक्ती' असा रकाना दिसला, तिथे ॲन्सीला बसवली. मनात म्हटलं, वा, काय सुटसुटीत फॉर्म आहे!

परीक्षाकेंद्रावर काउंटरला एक ओमानी मुलगी होती.

"अंकल, पासपोर्ट?"

"हा घ्या, मुलीचा."

तिने स्क्रीन पाहिली. "मुलीचा नको. कँडिडेट तुम्ही आहात."

"मी? मी स्पॉन्सर!"

"या परीक्षेला स्पॉन्सर नसतो, अंकल."

ॲन्सीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पप्पा, सीरियसली? प्रांताची लिस्ट क्लोज झाली तर मला कॅनडा सोडून परत यावं लागेल!"

बायको मागून म्हणाली, "अहो, फॉर्म भरावा तर मी, म्हणत होतात ना?"

मी फाइल छातीशी धरून उभा.

काउंटरवरच्या मुलीलाच दया आली. तिने खटाखट बटणं दाबली. "मंगळवारची एक सीट कॅन्सल झालीय. यल्ला, लवकर!"

ॲन्सीने फॉर्म स्वतः भरला. मला आधी दहा फूट लांब उभं केलं.

"आणि अंकल, तुमचं काय? तुमची वेळ झाली."

"जा आता," ॲन्सी म्हणाली. "बसा तीन तास."

माझा पासपोर्ट फाइलमध्ये होताच. खरं सांगू? आतून मला उत्सुकताच होती! बोटाचा ठसा घेतला, घड्याळ काढून घेतलं, कानाला हेडफोन लावला. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं. एकाने उठून मला विचारलं, "सर, पेन्सिल तुम्हीच देणार ना?"

बोलण्याच्या परीक्षेला समोर एक बाई. म्हणाल्या, "तुम्ही कुणाला मदत केलीत, असा एखादा प्रसंग सांगा."

मी दचकलो. हिला कुणी सांगितलं? मग म्हटलं, विचारलंच आहे तर होऊन जाऊ दे. पहिल्या पानापासून सुरुवात केली. वेळ होती दोन मिनिटं. बाईंनी तीनदा थँक्यू म्हटलं, तेव्हा मी शाळेच्या फॉर्मपर्यंत पोचलो होतो.

निकाल असे. ॲन्सी: चारही विभागांत आठ. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी पोचला, प्रांताने नाव पुढे पाठवलं.

मी: ऐकणं साडेसहा, वाचणं सात, लिहिणं साडेसहा, बोलणं पाच. अपात्र.