गावाबाहेरचा पेशंट

अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या आमच्या टीमचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. एक विसरायच्या आत दुसरा घडायचा! कोविडच्या काळात युरोपातल्या फॅमिली डॉक्टरांकडे किती पेशंट येतात, यावर आम्ही मिशिगनमध्ये घरी बसून लक्ष ठेवायचो. आपल्या गल्लीतल्या क्लिनिकवर कोण लक्ष ठेवतंय, हे विचारायचं नाही. टीम म्हणजे बॉस सहस्रबुद्धे सर, नागपूरची प्राची आणि मी.

*

‘पेशंटची भेट’ म्हणजे काय, यावरच पहिली मीटिंग फसली. एका देशात फोनसुद्धा भेट, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नुसती गोळी पुन्हा लिहून दिली तरी भेट. सर म्हणाले, सरासरी काढा. प्राची माइक बंद करायला विसरली आणि पुटपुटली, "भाकरी, पाव आणि पुरणपोळीची सरासरी." सरांनी ते मीटिंगच्या मिनिट्समधून वगळायला सांगितलं.

*

ऑगस्टमध्ये स्पेनचा ग्राफ कोसळला. पेशंट भीतीने घरात बसलेत, असा गंभीर रिपोर्ट आम्ही लिहिला. तिथल्या माणसाने नम्रपणे कळवलं की डॉक्टर सुट्टीवर गेलेत. माणूस महिनाभर सुट्टी घेऊ शकतो, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

*

इटलीतल्या एका गावाचा आकडा एकदम शून्य झाला. सरांचा नियम ठरलेला होता: विचित्र दिसेल ते काढून टाका. काढलं. ग्राफ देखणा झाला. मग कळलं, गावातला एकुलता एक डॉक्टरच कोविडने आडवा झाला होता. मी चिडले. सर म्हणाले, "एका गावाने युरोप बदलत नाही."

*

प्राची हे सगळं कौतुकाने आईला सांगत होती. आई म्हणाली, "तिकडचं सोड बाप्पा. तुझा डॉक्टर कोण आहे?"

प्राचीला नाव आठवेना. तिने इन्शुरन्सच्या ॲपमध्ये शोधलं, तर तो केव्हाच रिटायर झाला होता.

*

पोर्तुगालच्या एका गावातल्या डॉक्टरबाई आकडे उशिरा पाठवायच्या. त्यांना झापायला सरांनी स्वतः कॉल लावला, आम्हा दोघींना साक्षीला घेऊन. सर आठवडाभर खोकत होते आणि इथल्या त्यांच्या क्लिनिकला फोन केला की तिथलं मशीन त्यांना रोज होल्डवर ठेवत होतं. तो खोकला ऐकून दोन वाक्यांत बाईंनी त्यांना थांबवलं. आकडे नंतर देते, आधी एका दमात तीसपर्यंत मोजा, म्हणाल्या. आमचा आकड्यांचा माणूस नऊवर अडकला.

"कॉल बंद करा," बाई म्हणाल्या, "आणि आत्ता हॉस्पिटलला जा."

प्राचीने ॲम्ब्युलन्स बोलावली. सरांना ऑक्सिजन लागला. पुढच्या मीटिंगा आम्ही त्यांच्याशिवाय घेतल्या, आणि खरं सांगते, आम्ही दोघी फार घाबरलो होतो.

सर परतले तेव्हा आवाज बारीक झाला होता. तोवर पोर्तुगालचे आकडेही आले होते. ‘गावाबाहेरचे पेशंट’ या रकान्यात नेहमी शून्य असायचं. सरांचा तो कॉल झाला त्या आठवड्यात तिथे एक होता.

"सर, हा विचित्र दिसतोय," प्राची म्हणाली. "काढून टाकू?"



"राहू दे."