टपावरची प्रयोगशाळा

आमची प्रयोगशाळा एसटीच्या टपावरून फिरायची. खरंच फिरायची. एक लाकडी पेटी, तिच्यात एक सूक्ष्मदर्शक यंत्र, एक तराजू, भुशात पुरलेली काचेची दहा-बारा भांडी. आणि वेगळ्या पोत्यात प्लास्टरचा मानवी सांगाडा, डाव्या हाताची दोन बोटं कमी. संस्थेच्या तीन शाळा, तिन्ही धरणगावच्या आसपासच्या खेड्यांत, आणि तिघींत मिळून संसार एवढाच. चेअरमन शेठजींनी तो एकदा मोठ्या मनाने घेऊन दिला होता. तीनदा घ्यायला ते काही वेडे नव्हते. पण अनुदान हवं तर प्रत्येक शाळेत प्रयोगशाळा दिसली पाहिजे. म्हणून तपासणीचे साहेब जळगावहून ज्या शाळेत येणार, तिथे त्यांच्या आधी पेटी पोचायची.

सदुसष्ट-अडुसष्टची ही गोष्ट. मी नुकताच बी.एस्सी. होऊन विज्ञान शिकवायला लागलो होतो, आणि या फिरत्या कंपनीचा मॅनेजर मीच होतो. खोटं कशाला सांगू, मला त्यात भयंकर मजा यायची. कंडक्टर सांगाड्याचं तिकीट मागायचा. मी म्हणायचो, अर्धंच घ्या, माणूस पुरता नाही. शाळेत पोचलो की बाटल्यांत पाणी भरून एकीत कपड्यांची नीळ, एकीत कुंकू, एकीत हळद. कोणी कोणती बाटली धरायची, साहेब दाराशी आले की कोणी मान खाली घालून वहीत लिहायला लागायचं, सगळं ठरलेलं. दोन दिवस तालीम, तिसऱ्या दिवशी प्रयोग. साहेब खूश, हेडमास्तर खूश, आणि दुसऱ्या सकाळी पेटी पुन्हा टपावर.

आज चार समवयस्क जमले की आम्ही गणित-विज्ञानाच्या शिक्षणाचा दर्जा किती घसरला यावर बोलतो. माझा आवाज सर्वांत मोठा असतो. त्या वेळी एक आठवीतली मुलगी माझ्या डोळ्यांपुढे येते आणि मी आणखी मोठ्याने बोलतो.

आमच्या शाळेच्या तपासणीला जे साहेब आले ते जरा वेगळे निघाले. बाटल्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ सूक्ष्मदर्शकापाशी बसले, कांद्याचा पापुद्रा मागवला, यंत्र स्वतः जुळवलं आणि समोर जी मुलगी उभी होती तिला म्हणाले, बघ. ती वाकली, आणि तिला उठवायला दोनदा हाक मारावी लागली. काय दिसलं, असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "भिंत शे. पानीनी भिंत." भिंत आहे, पाण्याची.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली. यंत्र कुठे आहे, पुन्हा कधी बघायचं. मी सांगितलं, जळगावला दुरुस्तीला पाठवलंय. ती आठवड्याला विचारायची आणि मी आठवड्याला त्या यंत्राचा एकेक नवा भाग बिघडवायचो. यातही मला रंग चढायचा. एकदा तर मी मुंबईहून भिंग मागवल्याचं तपशीलवार सांगितलं, आणि ती बिचारी काळजीने ऐकत राहिली.

पुढे दुसऱ्या शाळेची तपासणी लागली तेव्हा पेटी आठ दिवस आधी माझ्या खोलीवर आली. मी ती खाटेखाली सरकवली. गंमत अशी की माझ्या खोलीवर सकाळचं दूध त्या मुलीच्याच घरून यायचं आणि ते घेऊन तीच यायची. पहिल्याच दिवशी तिने दूध ओतता ओतता खाली पाहिलं. मी मनात गोष्ट जुळवायला लागलो. पण तिनेच मला वाट करून दिली.

"दुरुस्त व्हईसन ऊनं वाटस, सर," ती म्हणाली. दुरुस्त होऊन आलं वाटतं.

आता मी ते का दाखवलं नव्हतं, हे सांगायला हवं. हेडमास्तरांनी मनाई केली होती हे खरं. काच फुटली तर तीन शाळा बुडतील असं ते म्हणत. पण ते माझ्या फार सोयीचं होतं. खरं कारण असं, की मला ते यंत्र लावता येत नव्हतं. धुळ्याला कॉलेजात असताना प्रात्यक्षिकाच्या तासाला मी गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमीत असायचो. जर्नलमधल्या आकृत्या मित्राच्या जर्नलवरून काढल्या, खाली सुबक अक्षरात 'निरीक्षण केले' असं लिहिलं, आणि पहिल्या वर्गात पास झालो. ज्या पेशीवर मी तासभर बोलायचो ती मी कधी पाहिलेलीच नव्हती. माझ्या वर्गातल्या या मुलीने पाहिली होती.

दुसऱ्या सकाळी ती केळीच्या पानाच्या तुकड्यात कांद्याचा ओला पापुद्रा घेऊन आली. नाही कसं म्हणणार? मी ऐटीत पेटी उघडली, यंत्र खिडकीशी ठेवलं, पापुद्रा काचपट्टीवर पसरला, डोळा लावला. आत अंधार. स्क्रू फिरवला. माझ्याच पापण्या दिसल्या. आणखी फिरवला, नळी खाली खाली गेली आणि कट्ट असा आवाज झाला. काचपट्टीला तडा.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आरसा उजेडकडे करना पडस, सर. साहेबनी तसंच करं व्हतं."

मग तिनेच आरसा फिरवला. दुसरी काचपट्टी पुसून ठेवली. नळी खाली नेताना डोळा लावायचा नाही, बाजूने बघायचं, आणि वर आणताना डोळा लावायचा, हे तिने मला करून दाखवलं. एकदा पाहिलेलं तिने हातासकट लक्षात ठेवलं होतं. मी डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला पेशी दिसल्या. शेजारी शेजारी लावलेल्या, पाण्यासारख्या विटा. मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे.

तिथे मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मला येत नव्हतं, तू शिकवलंस. एवढंच. त्याऐवजी मी ताठ झालो, हात मागे बांधले आणि म्हणालो, "शाबास. तू चूक पकडतेस की नाही, तेच बघत होतो मी."

तिचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर माझंच म्हणणं खरं वाटलं. उद्या सगळ्या वर्गाला आणू का, असं तिने विचारलं. मी आणखी उदार झालो. म्हणालो, आण.

दुपारी हेडमास्तरांचा निरोप आला: तपासणी ठरल्यापेक्षा आधीच होणार आहे, संध्याकाळच्या गाडीने पेटी घेऊन निघा. मी निघालो. त्या मुलीचं घर वाटेवरच होतं. निरोप ठेवता आला असता, नाही ठेवला. तिकडे मी साहेबांसमोर आरसा उजेडाकडे केला, बाजूने बघत नळी खाली नेली, आणि साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की शिक्षक प्रयोगात निष्णात आहेत.

तिसऱ्या दिवशी परतलो तर घरमालकीण अक्का ओसरीवर धान्य निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, पोरं आली होती हो तुमच्याकडे, वीस-बावीस तरी असतील. सगळ्यांच्या हातात कांदे. कुलूप बघून म्हटलं जातील, पण पायरीवर ऊन येईपर्यंत बसून राहिली.

"ती दूधवाली पोर त्यांना बजावत होती," अक्का म्हणाल्या. "सर आधी मुद्दाम चुकतील, कुणी हसायचं नाही, आपण फक्त ओळखायचं."

दुसऱ्या सकाळसाठी मी चांगलं लांबलचक कारण तयार केलं, हातवाऱ्यांसकट. ती आली, माप भरून दूध ओतलं, चरवी उचलली. मी वाट पाहत उभा होतो. तिने काही विचारलं नाही.