हत्ती काही हलेनात

चहा ओता आधी, मग सांगतो. आणि हे बघा, मधे कुणी हसायचं नाही. हसलात तर मी उठून जाईन! या गोष्टीवर आख्खा सातारा जिल्हा हसून झालाय, सांगलीकरांनीही कसर ठेवली नाही. आता तुम्ही तेवढे राहिलाय.

तर, माझ्या धाकट्या बहिणीचं, पूनमचं लग्न ठरलं. मी वेबसाइट बनवतो, हे तुम्हाला माहीत आहेच. साताऱ्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. आणि माझ्याच घरच्या लग्नाची पत्रिका छापायची? कागदावर? माझी काही इज्जत आहे की नाही?

आमचे आप्पा फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. ते म्हणाले, "पत्रिका छापू. पयली यमाईम्होरं ठिवू. दुसरी मी सोता जाऊन मामाला दीन, कुंकू लावून. तुझी आय असती तर तीच गेली असती भावाकडं."

"आप्पा, कुठल्या जमान्यात आहात? लिंक पाठवली की काम झालं!"

आणि बनवली की हो पत्रिका! आधी वर नुसतं 'श्री यमाई देवी प्रसन्न, औंध'. कुलदैवताचं नाव पहिलं, रीतच आहे आपली. त्याखाली, बाकीचं उघडेपर्यंत फिरत राहणारी पणती. मग मखमली पडदा सरकतो, सनई सुरू होते, दोन्ही बाजूंनी दोन हत्ती झुलत येतात, सोंडेनं फुलं उधळतात. त्या फुलांतून पूनमचं नाव उमलतं, मग नवरदेवाचं. आणि सगळ्यात शेवटी तारीख, वेळ आणि मंगल कार्यालयाचा पत्ता : उंब्रज, हायवेलगत. हत्तींच्या एकेका सुरकुतीवर मी मेहनत घेतली होती. माझ्या लॅपटॉपवर असे काही झुलायचे की बघत राहावं.

आप्पांनी सगळं बघितलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण पुढं ढकलायचं बटन कुठाय?"

"कशाला?"

"ज्याला हत्ती न्हाई बघायचा, त्यानं काय करायचं? त्याला पत्ता कवा दिसायचा?"

माझं डोकंच फिरलं! मी तिथंच सांगून टाकलं, "पुढं ढकलायचं बटन मिळणार नाही! लग्नाला यायचंय ना? मग सगळं बघायचं!"

लिंक गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू. कराडच्या आत्याचा पहिला फोन. "आरं, ती फुलं पडाय लागली की मला गरगरतंय. आणि खाली 'संपर्क' म्हणून बटन हाय, त्याच्यावर बोट न्यावं तर ते वर पळतंय!"

"आत्या, ते तरंगतं बटन आहे. डिझाइन आहे ते."

"मग मी तुला फोन करायचा का बटनामागं पळायचं?"

आता या बाईला काय सांगणार? ज्याला त्याला मी एकच उत्तर देत होतो, "तुमचं नेट स्लो आहे. फोन बदला." कुणाचा फोन तापला, फोन बदला. कुणाचा बंद पडला, फोन बदला. चूक माझी असेल, हा विचार? छे हो! माझ्या लॅपटॉपवर चालतंय ना?

आणि मग मामांचा फोन आला.

आमचे मामा आटपाडीकडचे. मेंढरं, थोडं डाळिंब, आणि फोनची रेंज घ्यायला पाण्याच्या टाकीवर चढायचं, असला सगळा कारभार. आई गेली तेव्हा पूनम लहान होती. तेव्हापासून सुट्टी लागली की मामा यायचे आणि तिला घेऊन जायचे. तिचे सगळे लाड तिकडं झाले. मांडवात नवरीला मामानं आणायचं असतं, ते तर आहेच, पण पूनमनं लग्न ठरल्या दिवशीच बजावलं होतं, "माझा हात मामाच धरणार. दुसऱ्या कुणी पुढं यायचं नाही."

तर मामा म्हणाले, "भाच्या, तुझी पत्रिका उघडंना रं. पणती तेवढी फिरतीय."

मी कामात होतो, वैतागलेलो होतो. "मामा, फोन बदला! नाहीतर थोडा धीर धरा. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो!" आणि दिला ठेवून.

मामा प्रेमळ, पण मानी. त्यांनी परत विचारलं नाही. दिवस आणि मुहूर्त आप्पांनी फोनवर सांगितला होता, पण बाकीचं म्हणजे 'पत्रिकेत हाय'. का? तर मीच आप्पांना तसं सांगायला लावलेलं!

लग्नाचा दिवस उजाडला. उंब्रजला कार्यालय भरलं, वऱ्हाड आलं, फेटे बांधून झाले. सगळे आले आणि मामाच नाहीत! फोन लावावा तर बंद. मुहूर्त जवळ येत चालला. गुरुजी घड्याळ बघायला लागले, नवऱ्याकडची माणसं आमच्याकडं बघायला लागली.

पूनम आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली. म्हणाली, "मामा आल्याशिवाय मी उठणार नाही." आणि रडायला लागली. आता मेकअपवालीही माझ्याच अंगावर ओरडली!

मी मामांवर असा चिडलो म्हणता! सख्ख्या भाचीच्या लग्नाला उशीर? काय माणसं असतात एकेक! तेवढ्यात माझ्या फोनवर अनोळखी नंबर.

"पूनमचं लगीन तुमच्याकडंच का? नंबर चिठ्ठीवरनं लावलाय. चिठ्ठीवाला तुमचा माणूस हितं औंधला आमच्या लग्नात हाय. आमच्या नवरीच्या मामासंगं भांडतोय. काय ते बघा राव!"

मग मामाच फोनवर आले, तापलेले. "आरं, कुठं उलथलाय तुमी समदी?"

"मामा, तुम्ही औंधला काय करताय?"

"काय करताय म्हंजे? तुझ्या पत्रिकेत औंध हाय की! यमाई देवी प्रसन्न, औंध. त्याच्याखाली पणती. दुसरं काय दिसलंच न्हाई. म्हणलं, बरंय, पोरगं शाणं झालं, देवीच्या दारात लगीन लावतंय!"

मी म्हटलं, "अहो, पण तिथं आम्ही कुणी दिसलो नाही, तेव्हा तरी..."

"लगीनघरात कुणाला सवड असती? मी दारात म्हणलं, मामा हाय. तर लगेच फेटा बांधला मला! आमाला काय म्हायती, त्यांनी नवऱ्याचा मामा धरलाय! मग नवरी आली, तर तिचा हात धरून भलताच बाबा! म्हणलं, माझ्या पोरीला हा दुसरा मामा कुठनं आला रं? धरली गचांडी त्याची! पोरीनं मान वर केली तवा कळलं, ही आपली पूनम न्हवं."

"आणि फोन का बंद ठेवलात?"

"ठिवलाय कुणी? हत्ती येतील, हत्ती येतील म्हणून सकाळधरनं तुझी पत्रिकाच उघडून बसलोय! चार्जिंग खाल्लं की समदं तिनं!"

मामांना घेऊन आलेल्या गाडीवाल्याला कार्यालयाचा नकाशा पाठवावा म्हणून घाईघाईनं मीच माझी पत्रिका उघडली. कार्यालयात गर्दी, रेंज तेवढ्यापुरती. यमाई देवी प्रसन्न. पणती फिरायला लागली. फिरतीय, फिरतीय, फिरतीय! पडदा सरकेना, हत्ती हलेनात. मी फोनवर ओरडलो, "ए, चल की!" आख्खा मांडव माझ्याकडं वळून बघायला लागला.

आत्या शेजारीच उभी होती. म्हणाली, "आरं, फोन बदल की!"

शेवटी आप्पांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि दोन वाक्यांत रस्ता सांगितला. मग माइकवर गेले. जन्मात कधी एक मिनिट उशीर न केलेला माणूस तो. म्हणाले, "मुलीचे मामा वाटंवर हायत. ते आल्याशिवाय अक्षता पडणार न्हाईत. मुहूर्त टळला तर दोष माझा." दोष माझा होता हो! आप्पांनी तो सगळ्यांसमोर स्वतःवर घेतला, आणि मी खांबामागं उभा. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

गुरुजींनी पुढचा मुहूर्त काढला. आमचे सगळे भगवे फेटे, आणि दारातून धावत आले मामा, डोक्याला गुलाबी फेटा! धापा टाकत थेट आतल्या खोलीत. पूनमनं त्यांना मिठी मारली आणि दोघं ढसाढसा रडली. मग तिचा हात धरून मामा बाहेर आले. आईचीच आठवण झाली सगळ्यांना. अक्षता पडल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

संपलं म्हणता? बसा खाली!

पुढं कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. मी बाह्या सरसावून पुढं वाकलो, आणि मागून माझाच कान कुणीतरी धरला. गुलाबी फेटा!

असा पिळला म्हणता! फोटोग्राफर तर सोडायलाच तयार नाही. "आई गं! मामा, पुरे! सोडा की आता!"

मामा निवांत म्हणाले, "धीर धर रं भाच्या. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो."

आणि मागून आप्पांचा आवाज आला, "पुढं ढकलायचं बटन न्हाई त्याला!"