करवतीआधीची हजेरी

धुळ्याच्या आमच्या कचेरीत फोन आला तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. पलीकडून माझा मेहुणा सुपडू बोलत होता. "दाजी, नाना गयात," एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कोणतं झाड?" सांगतो ते खरं आहे. सासरे गेल्याची बातमी ऐकून जावयाने विचारलेला पहिला प्रश्न हा! शेजारच्या टेबलावरचे दोघं माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. पण सुपडूला त्यात काही गैर वाटलं नाही. तो म्हणाला, "झाड नही दाजी. खाटवर बसेल व्हतात. चहा पिनात, बशी खाले ठेवी, नि गयात." चाळीस वर्षं जो माणूस चिंचा, लिंब, बाभळी पाडत फिरला, तो अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या घरी, आपल्या खाटेवर, चहा संपवून गेला. रडू येत होतं आणि आतून कुठेतरी टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या. जिंकले की हो नाना! बारा दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने दारातच विचारलं, "कोनतं झाड व्हतं?" आणि माई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येकाला थोड्या ताठपणेच सांगत होत्या, "झाडनी काय हिंमत!"

नाना मूळचे शेतकरी. धरणगावच्या अलीकडे फाट्यावर उतरून कोसभर चालत गेलं की त्यांचं गाव. कापूस, ज्वारी, दोन बैल, आणि उन्हाळ्यात शेतं रिकामी झाली की हा जोडधंदा. कुणाच्या घरावर झाड झुकलंय, कुणाची विहीर मुळांनी फुटतेय, की बोलवा नानांना. सोबत त्यांचे जुने जोडीदार दगडू आबा. दोघांची मिळून एक लांब करवत, एक टोक यांच्या हातात, एक त्यांच्या. दगडू आबा डाव्या पायाने लंगडत. पहिल्या भेटीत मी शहाण्यासारखं विचारलं, "आबा, बैलाने मारलं का?" ते म्हणाले, "नही बापू, लिंबनी लात मारी." मला ती थट्टा वाटली. पुढे कळलं की शब्दश: खरं होतं. झाड पुढे पडताना बुंधा कधीकधी मागे उसळतो, आणि आबा तेव्हा बरोबर बुंध्याच्या मागे उभे होते. नाना शेवटचे घाव कुऱ्हाडीने एकटेच घालत होते, त्यांना वाटत होतं, आबा पाणी प्यायला गेलेत. त्या दिवसापासून नानांनी एक पद्धत सुरू केली. शेवटचे दहावीस ओढे राहिले की करवत थांबवायची आणि हजेरी घ्यायची. एकेकाचं नाव मोठ्याने पुकारायचं, ज्याने त्याने "शे" म्हणायचं. म्हणजे आहे, इथे आहे, जागेवर आहे. सगळ्यात शेवटी स्वत:चं नाव. "आनि नाना?" असं स्वत:च विचारायचं आणि स्वत:च उत्तर द्यायचं, "शे!" मग करवत. एकाही नावाला जवाब आला नाही तर करवत चालायची नाही, भले झाडाचा मालक डोक्यावर उभा राहून ओरडो.

मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐंशी सालानंतर दोनतीन वर्षांनी. शोभा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, माहेरी आल्या होत्या आणि मी त्यांच्या मागोमाग आमरस खायला. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. गावातल्या झाडाझाडाला झोके, झोक्यावर गाणी, आणि खाली आम्ही जावईमंडळी हात चोळत उभी. शोभाचा झोका खळ्यातल्या मोठ्या चिंचेला असायचा. पण त्या वर्षी वादळाने चिंच गोठ्याकडे कलली होती, बुंध्याला ठोकलं तर ढोलासारखा आवाज यायचा. आत पोकळ. नाना म्हणाले, पावसाळ्याआधी पाडायलाच हवी, नाहीतर एखाद्या रात्री बैलांसकट गोठा जाईल. तिच्यावर झोका बांधायला तर त्यांनी महिनाभर आधीच बंदी केली होती. माई आणि शोभा रुसल्या. शेवटी ठरलं, आखाजीचा सण होऊ द्यायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी चिंच पाडायची.

आणि मी म्हणालो, मीही येतो! काय तो उत्साह, काय ती अक्कल! अंगात इस्त्रीचा पायजमा, खांद्याला लग्नात मिळालेला ट्रान्झिस्टर, कारण त्या दिवशी क्रिकेटची कॉमेंट्री होती. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचं स्वत:चं धोतर वर खोचलेलं, अंगावर लोंबणारं काहीही नाही. म्हणाले, "जवाईबापू, पायजमा खोचा. आनि वर देखा आधी, मंग खाले." वर काय बघायचं ते मला कळेना. तर वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, वादळात मोडलेली एक वाळकी फांदी अडकून राहिली होती. बुंध्याला हादरे बसले की ती आधी खाली येणार, आणि खाली मान घालून करवत ओढणाऱ्याच्या टाळक्यात बसणार. नानांनी लांबून दोर टाकून ती आधी ओढून काढली. मग झाडाच्या मागच्या बाजूला, दोन तिरप्या दिशांना, झाडूने वाटा झाडल्या. हो, झाडूने! दगड, काटक्या, सुकलेल्या शेंगा, सगळं साफ. मी हसून विचारलं, "नाना, पाहुणे येणार आहेत का?" तर म्हणाले, "आम्हीच जानार शेत ना बापू, घाईमा." पळायची वेळ येईल तेव्हा पायात काटकी येऊन चालणार नव्हतं.

पडायच्या बाजूला त्यांनी कुऱ्हाडीने तोंड पाडलं, कलिंगडाची फोड काढावी तशी खाच. मग मागून, खाचेपेक्षा चार बोटं वर, करवत लावली. मध्ये लाकडाचा एक पट्टा तसाच ठेवायचा, त्याला नाना बिजागरी म्हणत. त्या बिजागरीवरच झाड दारासारखं वळून ठरलेल्या जागी आडवं होतं. ती कापून टाकली की झाड कुणाचं ऐकत नाही. शेंड्याला लांब दोर बांधलेला. गोठ्याच्या उलट बाजूला, मोकळ्या खळ्याच्या पार टोकाला, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर आम्ही चौघं दोर धरून. बारकू आणि गोविंदा हे दोघं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, सुपडू, आणि हे आमचं ध्यान. आमच्या आणि झाडाच्या मध्ये गुरांच्या पाण्याचा दगडी हौद होता. आणि त्या हौदाच्या कडेवर, मघाशी पाणी पिताना विसरलेला, माझा ट्रान्झिस्टर!

आता माझा पराक्रम ऐका. करवत ओढली जातेय, भुसा उडतोय, दोन म्हातारे एका लयीत पुढेमागे होतायत, आणि मला काय आठवतंय? स्कोअर. मी हळूच सुपडूला म्हणालो, "साल्या, तेवढा रेडिओ घेऊन ये ना." जावयाचा शब्द! सुपडू दोर सोडून गेला. लगेच परत आला असता, पण हौदाशी पोचला आणि नेमकं कुणीतरी बाद झालं. मग गडी आमच्या बाजूने हौदाला टेकून खालीच बसला, रेडिओ कानाला लावून. झाडाकडून तो दिसणं शक्य नव्हतं. बारकूला दिसत होता. बारकूने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. घरच्या नव्या जावयाला सालदार कसा टोकणार?

एवढ्यात करवत थांबली. नानांची हाक आली, "दगडू?" "शे." "बारकू?" "शे." "गोविंदा?" "शे." "सुपडू?"

कॉलेजात मित्रांची हजेरी लावण्यात माझा हात कुणी धरत नसे. खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही हो! वाटलं, येईलच तो आत्ता, उगाच त्याला बोलणी कशाला? आवाज जरा घोगरा केला आणि ठोकून दिलं, "शे!"

नाना पुढचं नाव पुकारेनात. "जवाईबापू," ते ओरडले, "तो 'शे' धुळानी कचेरीमातून उना. सुपडू कोठे शे?" मी हौदाकडे बोट केलं. आणि त्याच क्षणी चिंचेच्या पोटातून कर्रर्र असा आवाज आला. पोकळ बुंधा, तिला शेवटच्या ओढ्यांची गरजच नव्हती!

पुढचं सगळं मी जपमाळेसारखं हजारदा ओढलंय. नाना झाडाखालून धावले नाहीत. दुसरा कुणीही बाप धावला असता. ते आपल्या झाडलेल्या वाटेने उलटं चालत मागे सरकले, नजर शेंड्यावर, आणि तिथून एका पाठोपाठ एक हुकूम. "दोर ढिला करा!" आम्ही केला. "सुपडू, ऊठ! आडवा पय! आडवा!" सुपडू उठला, झाडाकडे पाहिलं, आणि कुणीही करेल तेच केलं. सरळ आमच्याकडे पळत सुटला, म्हणजे झाड ज्या रेषेत येणार त्याच रेषेत! मी तर त्याला "ये, ये" म्हणून हात करत होतो, इतकं माझं डोकं ठिकाणावर! नाना घसा फाटेस्तोवर ओरडले, "आडवा रे! मांगे देख नको, बांधकडे पय, बांधकडे!" सुपडू झटकन वळला. सात पावलं, आठ पावलं... आणि चिंच आली. इतका वेळ लागतो झाड पडायला, आणि इतका कमी! धुळीचा लोट, पाखरांचा कलकलाट, मग शांतता. आणि त्या शांततेत बांधाकडून, घसा खाकरत, चिडलेला आवाज: "शे ना, नाना! शे!"

गोविंदा नाचायला लागला, बारकू मला मिठी मारून रडला, दगडू आबा लंगडत लंगडत हसत सुटले. मी जमिनीवर बसलो होतो. पायजमा खोचलेला होता, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. एक जाड फांदी हौदावर पडली होती आणि ट्रान्झिस्टरची पोळी झाली होती.

मला कुणी रागावलं नाही, हीच खरी शिक्षा. शोभा दोन दिवस बोलली नाही. संध्याकाळी माईंनी ताटात आमरस वाढला, तो मी बाजूला सारला. नाना शेजारी बसले आणि म्हणाले, "चूक मन्ही शे. मी नाव पुकारं, मानूस देखा नही." मी म्हणालो, "नाना, मी खोटं बोललो." तेव्हा कुठे ते माझ्याकडे वळले. "झाडले माहीत नही बापू, कोन जवाई शे नि कोन सालदार. म्हनून बारकूनी बोलाले पाहिजे व्हतं, आनि तुम्ही ऐकाले." त्यानंतर त्यांची हजेरी बदलली. नुसतं "शे" चालेना, हात वर करून दाखवायचा. आणि ज्याला काही धोका दिसेल त्याने, मग तो कुणीही असो, "थांबा" ओरडायचं. पहिला "थांबा" आला की करवत थांबलीच पाहिजे. तो चपटा झालेला ट्रान्झिस्टर त्यांनी ओसरीवर खुंटीला टांगला, करवतीच्या शेजारी. नवा गडी कामाला आला की त्याला आधी तो दाखवायचे. "हाई देखी ले. हाऊ आमना जवाईबापूना रेडिओ शे." मी समोर असलो तरी! दरवर्षी आखाजीला माझी ही वरात निघायची, आणि खरं सांगू, हळूहळू मला ती आवडायला लागली.

तेरावं झालं. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गावी गेलो तेव्हा सुपडूने बांधावरची वाळकी बाभूळ पाडायला काढली. नानांनीच ठरवून ठेवलेलं काम. करवतीच्या एका टोकाला दगडू आबा, वयाने वाकलेले, पण हात तोच. दुसऱ्या टोकाला सुपडू. वाटा झाडल्या, वर बघून झालं, तोंड पाडलं. मागून करवत लावण्याआधीच आबा म्हणाले, "पयले हजेरी. जवाईबापू, तुम्ही ल्या." का मी, हे कुणी विचारलं नाही.

मी पुकारलं. "दगडू आबा?" हात वर, "शे." "बारकू?" "शे." "गोविंदा?" "शे." "सुपडू?" त्याने घसा खाकरला, "शे ना!" आणि जीभ सवयीने पुढे गेली... "आनि नाना?"

बांधावर वारा नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या ओठांवर ते एवढंसं अक्षर आलेलं होतं. घोगऱ्या आवाजात, अगदी हुबेहूब जमलं असतं. इतक्या वर्षांत मी तो आवाज पाठ केला होता. पण उत्तर नाही दिलं. एकदा एकाच्या नावाने दिलं होतं, तेवढं आयुष्याला पुरे.

मग दगडू आबांनी करवतीवरचा हात काढला. "जवाब उना नही," ते म्हणाले, "आज नही."

सुपडूने करवत खांद्यावर घेतली. घरी येऊन ओसरीवरच्या खुंटीला टांगली, रेडिओच्या शेजारी. बाभूळ अजून उभी आहे.