बुधवारचा वर्ग कागदावर कुणाचा

हे मी लिहावं की नाही, ते अजून मला नीट कळलेलं नाही. यात माझं काहीच गेलं नाही. ज्याचं गेलं, त्याने हे लिहायला हवं होतं.

मी बारा वर्षांची असताना आई आणि मी साताऱ्याहून नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आलो. बाबा आधीच हेगमधल्या एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी होते. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत इंजिनिअर काकांच्या मुली स्टेजवर नाचायच्या आणि आम्ही मागे पातेल्यांपाशी असायचो. आपल्यालाही चारचौघांत बोलता येतं, हे मला कळलं ते दुसरीकडेच.

ट्रामने थोडं पुढे गेलं की जुन्या फ्लॅटांची एक वस्ती होती. तिथल्या समाजमंदिरासारख्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी एक माणूस मुलांना रॅप शिकवायचा. तिशीचा, सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या कुटुंबातला, काळा. पहाटेपासून गोदामात खोकी उचलायची आणि बुधवारी शाळा लवकर सुटायच्या, त्या दिवशी थेट इकडे यायचं, असा त्याचा क्रम. मी सोळा वर्षांची असताना एका मैत्रिणीबरोबर गेले आणि मग जातच राहिले.

त्याचा एक नियम होता. गोल करून उभं राहायचं आणि आपल्या ओळी म्हणण्याआधी आपण कुणाकडून शिकलो ते सांगायचं. भाऊ, मामा, समोरच्या इमारतीतला कुणी. माझी पाळी आली तेव्हा मी त्याचंच नाव घेतलं, आणि सवयीने माझा हात कानाच्या पाळीला गेला.

त्याने बीट थांबवला. "कान दुखतोय?"

मी सांगितलं की माझे बाबा त्यांना स्वयंपाक शिकवणाऱ्या उस्तादाचं नाव घेतात तेव्हा असा कानाला हात लावतात. हातात झारा असला तरी. तो खूप हसला. पुढच्या बुधवारी मात्र सगळ्यांनाच कानाला हात लावायला लावलं. "आमच्याकडे या संगीतातलं एवढंच उरलंय," तो म्हणाला, "कुणाकडून आलं ते सांगणं. बाकी सगळं दुकानात मिळतं."

मी त्याच्यासारखी टोपी घालायला लागले, त्याच्यासारखं बोलायला लागले. एकदा आम्ही दोघं सायकलवरून जाताना पोलिसांनी थांबवलं आणि ओळखपत्र मागितलं, ते फक्त त्याचं. नंतर तो शांतपणे म्हणाला, "तू टोपी काढलीस की विद्यार्थिनी होतेस. मी काढली की टोपी नसलेला काळा." मी हसले. काय करावं ते मला कळलं नव्हतं.

पुढे मी कॉलेजात गेले, समाजकार्य शिकायला. आमच्या घरातली पहिलीच. त्याच सुमारास जुने फ्लॅट पाडून तिथे विटांची नवी घरं झाली. पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलींमध्ये बसवून आईबाप मुलांना वर्गाला आणू लागले. आठ मुलांची पंचवीस झाली. एक आई त्याला म्हणाली, "हिपहॉप आता सगळ्यांचंच झालंय, किती छान ना?"

"हो ना," तो म्हणाला. "आमची घरंपण सगळ्यांची झाली."

ती मनापासून हसली. तिला तो विनोद वाटला.

मग हॉलचं व्यवस्थापन बदललं आणि पत्र आलं. मुलांचा वर्ग चालू ठेवायचा असेल तर समाजकार्यासारख्या विषयाचं शिक्षण घेतलेला किंवा घेत असलेला जबाबदार प्रशिक्षक हवा. त्याने तर शाळाच अर्धवट सोडलेली. फॉर्म घेऊन मी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बाबा म्हणाले, "तुझं नाव टाक की. आपल्याकडे शेत चुलत्याच्या नावावर, टेम्पो मामाच्या. कागदावर कुणी का असेना, टेम्पो चालवणाऱ्याचाच असतो."

मला ते अगदी पटलं. मी त्याला म्हटलं, "नुसतं नावाला. वर्ग तुझाच."

त्याने फॉर्म उलटून मागची बाजूही वाचली. "तुझ्यावर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "कागदावर नाही."

तरी त्याने मला तो भरू दिला.

इथे कागदामागे दुसरा कुणी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं. किल्ली माझ्या नावावर आली. पत्रं मला आली. वर्ग माझ्या कॉलेजच्या प्रशिक्षणात धरला गेला. पहिल्या बैठकीला तो कामाच्या कपड्यांतच आला. नव्या व्यवस्थापक बाईंनी त्याला नम्रपणे विचारलं, "आणि आपण?"

माझ्या शेजारी माझ्या कॉलेजच्या शिक्षिका वही उघडून बसल्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता. एक वाक्य पुरे होतं: वर्ग याचा आहे, मी याच्याकडून शिकले.

मी म्हणाले, "हा मला मदत करतो."

बाईंनी तसं लिहून घेतलं. पुढचे दोन बुधवार तो येऊन भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. तिसऱ्या बुधवारी आला नाही. मी मेसेज केला, "येतोयस ना?" उत्तर आलं, "कशाला? मदतीला?" त्यानंतर काहीच नाही. गोदामापाशी एकदा गेले होते, फाटकातून परत आले. काय बोलणार होते?

वर्षअखेरीस मुलांचा कार्यक्रम झाला. पोस्टरवर सोनेरी केसांची तीन मुलं आणि मधे टोपी घातलेली मी. हॉलवाल्यांना माझा एवढा सावळा रंग पुरला. वेळ कमी पडतो म्हणून नावं सांगायचा गोल मी केव्हाच बंद केला होता. मुलांना कानाचं मात्र आठवत होतं. बीट सुरू झाला आणि पंचवीस हात एकदम कानाला गेले, मग खाली, मग पुन्हा कानाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एका मुलाचे वडील मला म्हणाले, "ती कानाची स्टेप मस्त आहे. तुमची?"

मी म्हणाले, "थँक यू."

पदवी मिळाली तेव्हा बाबांनी प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं. डच त्यांना वाचता येत नाही. सोबतच्या कागदावर कामाचा अनुभव लिहिला होता, तो मी वाचून दाखवला: रॅपवर्गाची प्रमुख प्रशिक्षक. बाबांनी हात पुसले, भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते बघितलं. मग म्हणाले, "आणि तो पोरगा? ज्याच्याकडून शिकलीस त्याचं नाव सांगितलंस ना तिथे?"

मी हो म्हटलं. बाबांनी खिळा मारला.