नाडकर्णी सर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, तरी एवढं लपलं. तुम्हाला सांगतो.

दोन वर्षांपूर्वी शेठनी मला पुण्याला डेव्हलपर्सच्या कॉन्फरन्सला पाठवलं. आमचं ऑफिस इकडे दापोडे गावात. गोदामांसाठी अ‍ॅप बनवतो आम्ही. पुण्यात पहिलंच भाषण डोक्यावरून गेलं. चहा प्यायला बाहेर आलो — आणि परत आत गेलोच नाही! दोन दिवस चहाच्या टेबलापाशी. नागपूरचे, कोचीचे, कुठले कुठले लोक भेटले. आपापल्या अ‍ॅपची रडगाणी गायलो, पोट दुखेस्तोवर हसलो. काय मजा आली म्हणून सांगू!

परतलो, तर शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "क्या सीख के आया?"

आता काय सांगणार? चहा?

समोर रोहिणी बसलेली. शेजारच्या कोन गावची पोरगी, आमच्याकडेच प्रोग्रामर. ती कधीपासून सांगत होती — गोदामाच्या पत्र्याखाली रेंज जाते, अ‍ॅप अडकतं, ट्रक खोळंबतात. तर स्कॅन केलेलं मोबाइलमध्येच साठवू, रेंज आली की पाठवू. शेठ दर वेळी उडवून लावायचे. माझ्या तोंडून नेमकं तेच निघालं. पण तिचं नाव घेतलं असतं, तर मी काय शिकलो हा प्रश्न उरलाच असता ना? म्हटलं, "तिथे नाडकर्णी सर म्हणून मोठे तज्ज्ञ होते, ते म्हणाले."

असा कुणी माणूसच नाही हो! पोरीची अक्कल मी एका नसलेल्या माणसाच्या पदरात टाकली — स्वतःची कातडी वाचवायला.

शेठ खूश. "बड़े आदमी ने बोला है, तो कर डालो." काम झालं, ट्रक सुटू लागले, शेठनी पेढे वाटले — नाडकर्णी सरांच्या नावाने. आणि रोहिणी? ती नाचायचीच बाकी होती. "दादा, म्हंजे मी येडी न्हाय ना!" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

यंदा त्या कॉन्फरन्सला शेठ तिला पाठवताहेत. तिच्या आईने सरांसाठी नाचणीचे लाडू केलेत. काल डबा दाखवून विचारते, "दादा, सर दिसतात कसे?"

आणि माझी जीभ — थांबली का? "ठेंगणे," म्हटलं, "जाड चष्मा. बोलताना हात फार हलवतात."

"म्हंजे माझ्यासारखेच की!" म्हणाली आणि हसत सुटली. मीही हसलो. आज सकाळी मीच तिला एसटीत बसवून आलो. डबा मांडीवर घेऊन बसली होती.