अनुसयाबाईंची हळदीची गाणी

२०१७ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. तेव्हाची ही गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाय. बायकोला नाय, सुनेला तर नायच. तुम्हाला सांगतोय – आताच का, ते माझं मलाही कळत नाय.

शहरात, औरंगपुऱ्यात माझं रेकॉर्डिंगचं दुकान. शाळा चौथीपर्यंत. पण टेपच्या जमान्यात भजनी, कव्वाल, सगळे माझ्याच माईकसमोर बसायचे. मीटरची सुई लाल पट्टीत ढकलली की टेपवर आवाज भरदार उतरतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पुढं कंप्युटर आला. सुनेनं त्यात आवाज सुधारणाऱ्या इफेक्टांची रांग लावून दिली आणि बजावलं – मामा, लिमिटर शेवटीच ठेवा, आणि आवाज फार चढला की लागतो तो लाल दिवा लागू देऊ नका.

लिमिटर म्हणजे आवाजाला वरच्या रेषेवर अडवणारा. अडवणारा तर दारातच पायजे ना? आणि सुनेचं ऐकायचं – मी? तिच्या माघारी उचलून पहिला लावला.

मग पिशोर गावाहून अनुसयाबाई आल्या. मुलगा भगवान संगं होता, वाळूजला कंपनीत कामाला. नातीची हळद होती. हळदीची जुनी गाणी गावात यांनाच येत होती, पण दम लागायचा. म्हणून गाणी भरून मांडवात स्पीकरच्या बॉक्सवर लावायची होती. दोन दुपारी, थांबत थांबत गायल्या. आवाज – काय सांगू? घासलेल्या पितळेसारखा लखलखीत.

मी ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, वाढवला. गेन, म्हणजे आवाजाचा जोर, चढवला. लाल दिवा लागला तरी चढवला. लिमिटर रांगेत पहिलाच, त्याच्या पुढं वाढलेल्या आवाजाला अडवायला होतं कोण? दुकानातल्या लहान स्पीकरवर हळू लावून ऐकलं. झकास वाटलं.

मांडवात, मोठ्या बॉक्सवर, ते चरचरलं. फाटलं. पोरी हसल्या म्हणे. कोणीतरी ते बंद करून डीजे लावला.

दोन दिवसांनी मायलेक दुकानात आले. ओळखीची चार माणसं बसली होती. भगवान नरमाईनं म्हणाला, "काका, काही चुकलं का यात?"

मी त्याच्याकडं बघितलंही नाय. "मशीन खोटं बोलत नाय. मायचा आवाजच फाटलाय. माझ्यामुळं एवढा तरी आला."

अनुसयाबाईंनी पदर सावरला. "व्हय दादा, वय झालं. मलाच कळाया पायजे होतं. तुम्हाला उगं तरास."

माझीच माफी मागून ती बाई पायऱ्या उतरली. भगवान मागं वळून म्हणाला, "उद्या पेनड्राइव्ह आणतो. मूळचं द्या, जसं असंल तसं."

ते गेल्यावर मी हेडफोन लावला. इफेक्ट लावायच्या आधीचं, मूळचं ऐकलं – स्वच्छ. कुठं चर्र नाय. लिमिटर शेवटी नेला, गेन उतरवला. पाच मिनिटांचं काम. गाणं जसंच्या तसं उभं राहिलं. भगवानला फोन करायला कितीसा वेळ लागला असता? पण त्या चार माणसांत माझं काय उरलं असतं – मनात आलं ते एवढंच.

अनुसयाबाई पुढं पाच वर्षं जगल्या. त्या असतानाच भगवान एकदा रस्त्यात भेटला. म्हणाला, माय आता गुणगुणतसुद्धा नाय. कोणी गाणं म्हण म्हणलं की सांगते, आवाज फाटलाय माझा, शहरातल्या जाणत्या माणसानं सांगितलंय. मी मान हलवली. आणखी काय करणार होतो?

कारण ते दुकानात येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच सकाळी, भगवान पेनड्राइव्ह घेऊन यायच्या आत, मी दुकान उघडलं आणि दोन्ही फायली पुसून टाकल्या – मूळचीही, नीट केलेलीही.